बिल्ला आपला, हिशेबही आपला

दिवाळी सरली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या वस्त्यांना १ जानेवारीचे वेध लागतात. टेम्पो, जीप, एस.टी. जे मिळेल ते वाहन करून आपली माणसे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जात आली आहेत. अलीकडे आपली तरुण मुले मोटारसायकलींवर, रांगेने, एकत्र निघू लागली आहेत. कोणी चाकणच्या एमआयडीसीत पाळीवर राबतो, कोणी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलतो, कोणी मंचरला कॉलेजात शिकतो. जुन्नर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, शिक्रापूर असा त्यांचा रस्ता. या मुलांना आता सर्वांचा मिळून एकसारखा, भरतकाम केलेला बिल्ला हवा असतो. ती त्याला 'पॅच' म्हणतात.

हा बिल्ला कुठे करून घ्यावा, त्यावर काय काढावे, किती पैसे पडतात, फसवणूक कशी टाळावी, असे प्रश्न घेऊन मुले आमच्याकडे येतात. कारण कचेरीतील कागद आणि हिशेब यांतच आमची निम्मी हयात गेली. दोन्ही तालुक्यांतील मुलांच्या अशाच एका गटाचे काम आम्ही जवळून पाहिले. त्यातून जे हाती आले ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, हे फॅड कशाला? तेवढ्या पैशात पोरांना वह्या वाटा. वह्या वाटाव्यातच. परंतु खूण अंगावर बाळगणे ही गोष्ट आपल्या समाजाच्या बाबतीत फॅडाची नाही. तिला इतिहास आहे.

लादलेली खूण आणि मिळवलेली खूण

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या भाषणग्रंथात पेशवाईतील परिस्थिती नोंदवून ठेवली आहे. स्पृश्याला चुकून विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात तर कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. काळा दोरा हाही दोराच, पण तो दुसऱ्याने बांधायला लावलेला. काढण्याची मुभा नव्हती.

दुसरी खूण आपल्या माणसांनी शौर्याने मिळवली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभ्या राहिलेल्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरली गेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले, तेव्हापासून त्या जागेचे महत्त्व आपल्या घराघरांत पोचले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. दोन विकर्स मशीनगनची फुली मात्र कायम राहिली. फौजेत गेलेल्या आपल्या माणसांच्या पेटीत असा बिल्ला सापडला की घरातील म्हातारी तो पदराने पुसून ठेवते, याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यावर काय काढावे

मुलांच्या मनात पहिल्याने येते ते बाबासाहेबांचे चित्र. भावना योग्य आहे, परंतु तीन इंची बिल्ल्यावर चेहरा भरता येत नाही. सुईचा टाका जाड असतो. चष्म्याची काच आणि डोळा एक होतात, ओठांचा ठिपका होतो आणि ओळखू न येणारा कोणीतरी माणूस तयार होतो. शिवाय हा कपडा घामाने भिजणार, बादलीत पिळला जाणार. बाबासाहेबांची व तथागतांची प्रतिमा अशा ठिकाणी नको, या मताचे आम्ही आहोत.

दुसरी सूचना येते ती सारनाथच्या चार सिंहांची. सम्राट अशोकाचा तो स्तंभशीर्ष आपल्याला प्रिय असणारच. परंतु २६ जानेवारी १९५० पासून ते भारताचे राजचिन्ह आहे आणि २००५ च्या कायद्याने त्याचा अनधिकृत वापर करण्यास मनाई आहे. राष्ट्रध्वजाचेही तसेच. तो कपड्याच्या कापडावर भरतकामाने काढण्यास ध्वजसंहितेत मनाई आहे. महार रेजिमेंटचे चिन्ह फौजेचे आहे. ते ज्यांनी मिळवले त्यांनी मिरवावे. सैनिक असल्याचा समज करून देण्यासाठी सैनिकाची खूण अंगावर बाळगणे हा गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. चोवीस आऱ्यांचे चक्र लहान आकारात भरले की आरे एकमेकांना चिकटतात. आठ आऱ्यांचे धम्मचक्र मात्र स्वच्छ उमटते आणि आर्य अष्टांगिक मार्ग सांगते. पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे पाच रंग दोऱ्यात सहज मिळतात. कारखान्यातील यंत्राच्या एका डोक्याला नऊ, बारा किंवा पंधरा सुया असतात, म्हणजे तेवढे रंग एका दमात भरता येतात.

आणि आपल्या जुन्नरसारखा खजिना कुणाजवळ आहे? लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा अशा डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. तुळजा लेण्यातील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी स्तंभ. वरून पाहिल्यासारखे ते कागदावर काढले तर मध्ये एक गोल आणि भोवती बारा ठिपके होतात. आमच्या मुलांनी तेच घेतले. मधल्या गोलात विजयस्तंभाची सरळ रेषांची आकृती, भोवती बारा ठिपके आणि खाली दोन निळ्या लाटा. एक जुन्नरची कुकडी, दुसरी आंबेगावची घोड. ज्याने विचारले त्याला दोन मिनिटांत सगळा तालुका सांगता येतो.

देवनागरी अक्षर आणि सुई

भरतकामाचे यंत्र आपण दिलेले चित्र जसेच्या तसे वाचत नाही. चित्रातील प्रत्येक भागात टाका कुठून कुठे आणि कोणत्या दिशेने जाईल, हे आधी संगणकावर बसवावे लागते. बाजारात या कामाला पंचिंग म्हणतात. पंचिंग चांगले तर बिल्ला चांगला. यंत्र कितीही भारी असो, पंचिंग वाईट असेल तर कापड आवळते आणि गोलाचा बटाटा होतो.

आपली खरी अडचण असते अक्षराची. इंग्रजी मोठी अक्षरे पाच मिलिमीटर उंचीतही निभावतात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'बुद्ध' मधील 'द्ध' लहान आकारात दोऱ्याची गाठ होऊन बसतो. 'भीम' मधील 'भ' ची गाठ बुजते. अनुस्वाराचा ठिपका तर दोन टाक्यांचा. तो कधी शिरोरेघेत मिसळतो, तर कधी कारागीर तो चुकून पडलेला डाग समजून काढूनच टाकतो. म्हणून शिरोरेघेखालील अक्षर निदान सात-आठ मिलिमीटर उंच ठेवावे, अक्षराची रेघ जाड घ्यावी आणि शब्द कमीत कमी ठेवावेत. गटाचे नाव व दोन तालुके एवढे पुरे. घोषवाक्य बॅनरवर शोभते.

यापूर्वी एकदा काही मुलांनी पुण्याकडील एका कारखानदाराकडून बिल्ले करून घेतले होते. पैसे सगळे आगाऊ दिले, कागद काहीच नव्हता. पंचिंग करणाऱ्यास मराठी येत नव्हते. बिल्ले आले ते 'आबेगाव' म्हणून. कारखानदाराने हात वर केले. मुलांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे प्रत्येकाचे गेले. कुणी घरी ठिपका सुईने भरून घेतला, कुणी बिल्ला फेकून दिला.

यावर उपाय असा. मजकूर मोबाईलवर टाइप करून पाठवू नये. संगणक बदलला की जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. मजकूर चित्राच्या स्वरूपात, खऱ्या आकारात, कागदावर छापून द्यावा. आणि शिवलेला नमुना हातात आल्यावर तो दोघांनी वाचावा. एकाने सरळ वाचावा, दुसऱ्याने शेवटच्या अक्षरापासून उलट वाचावा. कचेरीत आम्ही याद्या अशाच तपासतो. सवयीचा शब्द सरळ वाचताना डोळा चूक लपवतो.

कापड, दोरा, काठ आणि पाठ

कापड ट्विलचे घ्यावे, आत बकरम असावे. दोरा रेयॉनचा चमकतो फार, पण उन्हातान्हात फिरणाऱ्यांसाठी पॉलिस्टरचाच बरा. तो धुण्यात आणि उन्हात रंग टिकवतो. निळा रंग पडद्यावर बघून ठरवू नये. प्रत्येक मोबाईलवर निळा वेगळा दिसतो. दोऱ्याचे रंगपत्रक मागावे, ते दिवसाच्या उजेडात, आपला निळा झेंडा शेजारी धरून पाहावे आणि त्या दोऱ्याचा क्रमांक ऑर्डरीवर लिहावा.

गोल बिल्ल्याला जाड शिवलेला काठ घालता येतो, तो उसवत नाही. आडव्यातिडव्या आकाराचा काठ यंत्राला तसा घालता येत नाही, तो कापून भाजून बसवावा लागतो. म्हणून पहिल्या खेपेला गोल आकारच घ्यावा.

पाठीचे तीन प्रकार आहेत: इस्त्रीने चिकटणारी, शिवायची आणि वेल्क्रोची. गाडीवर घालायची जाकिटे बहुधा नायलॉनची असतात; त्यांवर गरम इस्त्री ठेवली की जाकीट वितळते. पावसाळी जाकिटावर बिल्ला शिवला तर सुईच्या भोकांतून पाणी आत येते. माळशेज घाटातील पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना हे पटेल. खांद्या-कोपरांत संरक्षक पट्ट्या असतात, त्यांतून सुई घालू नये. साध्या सुती बंडीवर मात्र शिवलेला बिल्ला उत्तम. हे शिवणकाम वस्तीतील शिलाई मशीन चालवणाऱ्या भगिनींना द्यावे आणि त्याची मजुरी रोख द्यावी. समाजाचे काम म्हणून फुकट करून घेऊ नये.

पैशाचा हिशेब

कारखाने दर लावतात तो टाक्यांवर. तीन इंची भरगच्च बिल्ल्यात सहज आठ-दहा हजार टाके पडतात. पार्श्वभूमी दोऱ्याने न भरता कापडाचाच निळा रंग ठेवला तर टाके कमी होतात आणि दरही उतरतो.

पंचिंगचा खर्च एकदाच असतो. समजा तो ६०० रुपये आणि बिल्ला ७० रुपये धरला. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. २५ नग केले तर एक नग ९४ रुपयांना पडतो, १०० केले तर ७६ रुपयांना. कारखानदार म्हणतो, शंभर घ्या, स्वस्त पडेल. पण गटात माणसे ४० असतील तर? शंभर नगांचे ७,६०० रुपये चाळीस जणांत वाटले की प्रत्येकी १९० रुपये. त्याऐवजी ५० नग घेतले तर ४,१०० रुपये, म्हणजे प्रत्येकी १०२ रुपये ५० पैसे आणि दहा नग शिल्लक. नग स्वस्त झाला म्हणून माणसाचा खर्च कमी होत नाही. शिवाय उरलेले साठ बिल्ले कुणाच्या हाती जातील आणि कुठे मिरवले जातील याचा भरवसा काय?

याच टप्प्यावर एखादा पुढारी उभा राहतो. सगळे बिल्ले मी देतो, फक्त खाली माझे नाव घाला. मुले मोहात पडतात, यात नवल नाही. आमच्या मुलांपुढेही असा प्रस्ताव आला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि वर्गणी काढली. ज्याला एकदम देणे जमले नाही त्याने दोन पगारांत दिली. हिशेब बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहिला गेला.

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या अपोलो ११ या १९६९ च्या मोहिमेच्या बिल्ल्यावर तिन्ही अंतराळवीरांनी आपली नावे घातली नाहीत. त्या कामामागे राबलेल्या सर्वांचा तो बिल्ला असावा, हा त्यामागील विचार. इतके लांबही जायला नको. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख पाहा. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. दुसऱ्या लेखात दाता म्हणून नाव आहे ते सगळ्या श्रेणीचे. कोणी दिले आणि काय दिले, एवढेच दगडावर आहे. वर्गणीची पावती दोन हजार वर्षे कशी टिकते ते पाहायचे असेल तर लेण्याद्रीचा डोंगर चढावा.

ऑर्डर लेखी द्यावी

तोंडी ऑर्डर देऊ नये. एका कागदावर पुढील बाबी लिहाव्यात व दुकानदाराची सही घ्यावी.

१) आकार मिलिमीटरमध्ये व नगांची संख्या.
२) प्रत्येक रंगाच्या दोऱ्याचा क्रमांक, दोरा पॉलिस्टरचा.
३) कापड, काठ आणि पाठीचा प्रकार.
४) मजकूर, सोबत खऱ्या आकारातील छापील चित्र.
५) शिवलेला नमुना मंजूर झाल्यावरच पुढील काम.
६) आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम माल मोजून घेतल्यावर, पावतीसह.
७) माल देण्याची तारीख आणि चुकीचा माल बदलून देण्याची अट.
८) पंचिंगची फाईल गटाला मिळेल, म्हणजे पुढील वर्षी तो खर्च पुन्हा नाही.

यंत्र मिनिटाला सात-आठशे टाके घालते, मग वीस दिवस कशाला, असे मुले विचारतात. वेळ जातो तो पंचिंगला, नमुन्याला, दुरुस्तीला आणि रांगेला. त्यात दिवाळीला कारागीर गावी जातात. १ जानेवारीला बिल्ला हवा असेल तर चित्र दसऱ्यापर्यंत पक्के व्हावे. तरीही फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

आयांची भीती

आता शेवटची आणि सर्वांत नाजूक गोष्ट. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवशी ज्यांची मुले रस्त्यावर होती त्या आयांनी रात्र कशी काढली हे त्यांनाच ठाऊक. त्यामुळे बिल्ल्याची गोष्ट निघाली तेव्हा विहारातील बैठकीत भगिनींनी सरळ विचारले की, लांबून ओळखू येईल अशी खूण मुलांच्या अंगावर का लावायची?

बैठकीत दोन मते पडली. एक मत असे की, बाबासाहेबांनी आपल्याला मान ताठ ठेवून चालायला शिकवले, खूण लपवायची असेल तर बिल्लाच कशाला? दुसरे मत असे की, लेकराचा जीव आधी. दोन्ही मते प्रामाणिक होती. पुष्कळ बोलणे झाल्यावर एका वयस्कर बाईंनी सांगितले की, काळा दोरा काढता येत नव्हता, हा काढता येतो, मग भांडता कशाला? वेल्क्रोची पाठ ठरली ती या बोलण्यावर. बिल्ला केव्हा लावायचा आणि केव्हा खिशात ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि ज्याने काढला त्याला कुणी भित्रा म्हणू नये, असा ठरावही वहीत लिहिला गेला. आमच्या मते त्या बैठकीतील सर्वांत मोलाचे काम हेच.

भगिनींनी आणखी एक सूचना केली. बिल्ल्याच्या मागच्या बाजूस कापडावर न पुसणाऱ्या शाईने मुलाचे नाव, रक्तगट आणि घरचा फोन लिहावा. अपघात झाला तर उपयोग, आणि स्तंभाजवळच्या लाखोंच्या गर्दीत चुकामूक झाली तरी उपयोग. त्या दिवशी पोलीस वाहतूक वळवतात, वाहनतळ लांब असतात. तिथे समोरून येणारा बारा ठिपक्यांचा निळा गोल दिसला की आपले माणूस सापडते.

गटाने बिल्ल्यांचे रजिस्टर केले आहे. प्रत्येक नगाला अनुक्रमांक आहे. परवाना आणि हेल्मेट नसलेल्यास बिल्ला मिळत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. पंचशीलातील पाचवे शील मोडून, म्हणजे पिऊन, जो गाडीवर बसला त्याचा बिल्ला काढून घेतला जातो आणि रजिस्टरात तशी नोंद होते. शिल्लक दहा नग विहाराच्या कपाटात कुलपात आहेत. नवीन मुलगा किंवा मुलगी आली तर एक वर्ष गटाबरोबर नीट गाडी चालवावी आणि रक्तदान शिबिरात हजेरी लावावी, मग अकरावा काय आणि पन्नासावा काय, क्रमांकाने बिल्ला मिळतो.

इतर गावांतील तरुणांना असे काही करायचे असल्यास आमचे सांगणे एवढेच की, चित्र आपल्या मातीतले घ्या, पैसे आपल्या खिशातले घाला, कागद लेखी करा, आणि बैठकीला आई-बहिणींना आधी बोलवा.

जयभीम!